दुसरी जागा

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदी वस्त्यांत शिरली, लोकल जागच्या जागी थांबल्या, लाखो माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी निघाली. त्याच पावसात रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या जुई आणि दासगाववर दरडी कोसळल्या. त्या संहारापुढे एटीएम बंद पडणं ही अगदीच किरकोळ गोष्ट होती. म्हणूनच ती कुणाच्या फारशी आठवणीत नाही. पण या लेखाची सुरुवात तिथूनच करावी लागते.

त्या दुपारपासून मुंबईतली अनेक बँकांची एटीएम बंद पडली. नवल त्याचं नव्हतं. नवल हे होतं की २६ आणि २७ जुलैला देशाच्या इतर भागांतही, जिथे या पावसाचा काही संबंध नव्हता, तिथल्या एटीएममधून पैसे निघेनात. यंत्र शाबूत होतं, त्यात नोटा होत्या, वीजही होती. पण तुमच्या खात्यात किती रक्कम आहे हे सांगणारी मध्यवर्ती यंत्रणा मुंबईत होती, आणि तिच्याशी असलेला संपर्क तुटला होता. ‘कोअर बँकिंग’ तेव्हा नवं होतं. शाखाशाखांतल्या खतावण्या एका ठिकाणी आणल्याचा बँकांना अभिमान होता, आणि तो रास्तही होता. सगळं एका ठिकाणी आणलं की ते ठिकाण बुडाल्यावर सगळंच बुडतं, हे मात्र त्या दोन दिवसांत पहिल्यांदा सामान्य माणसाच्या हाताला लागलं.

पुढच्या वीस वर्षांत या देशानं आपल्या पैशाच्या यंत्रणेसाठी दुसरी जागा कशी शोधली, आणि केवळ जागा शोधून का भागलं नाही, त्याची ही हकिकत आहे. तिचा बराचसा भाग पनवेलच्या परिसरात घडतो.

एका जागी सगळं ठेवू नये हा धडा भारतात बँकांच्या आधी रेल्वेनं गिरवला होता. १९८०च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं, पुढे मुंबईसह इतर महानगरांतही झालं. पण ही केंद्रं एकमेकांशी बोलत नव्हती. मुंबईहून कोलकात्याला जाणाऱ्या माणसाला परतीचं आरक्षण हवं असेल तर तार जायची आणि उत्तराची वाट पाहावी लागायची. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेनं ‘कॉन्सर्ट’ नावाची प्रणाली लिहिली. ती १९९४मध्ये सिकंदराबादला प्रथम चालू झाली आणि एप्रिल १९९९पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एका जाळ्यात आली.

या रचनेचं मला आजही कौतुक वाटतं. पाचही केंद्रांकडे आपापला स्वतंत्र डेटाबेस होता. प्रत्येक गाडीचं एक घर ठरलेलं होतं. त्या गाडीतल्या जागांचा हिशेब तिथेच. पनवेलच्या खिडकीवर हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट मागितलं, तर विचारणा मुंबईमार्गे कोलकात्याला जायची, तिथे जागा अडकवली जायची आणि उत्तर परत यायचं. मधल्या निरोप्याचं काम ‘रिलायेबल ट्रान्झॅक्शन राउटर’ नावाचं सॉफ्टवेअर करायचं. व्यवहार अर्ध्यावर असताना एखादं यंत्र बंद पडलं, तर तो व्यवहार दुसऱ्या यंत्राकडे नेऊन पुरा करायचा, पण दोनदा मात्र होऊ द्यायचा नाही, ही त्याची जबाबदारी. आज वेब अ‍ॅप्लिकेशनच्या बॅकएंडवर काम करणारी मुलं ज्या प्रश्नांशी झगडतात, ते प्रश्न आपल्या आरक्षणाच्या खिडकीमागे नव्वदच्या दशकातच सोडवले जात होते. कोलकात्याचं केंद्र बंद पडलं तर कोलकात्याच्या गाड्यांचं आरक्षण अडायचं. बाकी देशाचं चालू राहायचं.

शेअर बाजाराला हाच धडा आकाशातून मिळाला. राष्ट्रीय शेअर बाजारानं, म्हणजे एनएसईनं, १९९४ साली समभागांचे व्यवहार सुरू केले ते उपग्रहाच्या जोरावर. गावोगावच्या दलालांच्या गच्चीवर व्हीसॅटच्या तबकड्या बसल्या आणि मुंबईचा बाजार देशाचा झाला. १९९७च्या जूनमध्ये सोडलेला इन्सॅट-२डी हा उपग्रह त्याच ऑक्टोबरच्या सुरुवातीला विजेच्या बिघाडानं निकामी झाला. बाजाराचं जाळं त्याच्यावर अवलंबून होतं. व्यवहार थांबवावे लागले, आणि हजारो तबकड्यांची तोंडं दुसऱ्या उपग्रहाकडे वळवण्याचं काम करावं लागलं.

आता पनवेलकडे येऊ.

रिझर्व्ह बँकेनं २६ मार्च २००४ रोजी आरटीजीएस सुरू केलं. त्यात बँकाबँकांमधली मोठी रक्कम त्याच क्षणी, एकेक व्यवहार सुटा धरून, रिझर्व्ह बँकेच्या खात्यांत इकडून तिकडे जाते आणि ती गेली की गेली. मागे घेता येत नाही. २००५च्या नोव्हेंबरात एनईएफटी आलं. या व्यवस्थेमागच्या यंत्राला दोन गोष्टींची परवानगी नाही: पैसे हरवण्याची आणि पैसे दोनदा देण्याची. बंद पडणं वाईट, पण ते तरी सुधारता येतं. चुकीचा हिशेब पसरला की तो निस्तरता निस्तरत नाही.

या यंत्रणेसाठी रिझर्व्ह बँकेचं डेटा सेंटर खारघरला उभं राहिलं. खारघर तेव्हा सिडकोचा नोड होता, पनवेल तालुक्यातला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा कामोठे, कळंबोली, तळोजा यांच्याबरोबर खारघरही तिच्या हद्दीत आलं. १८५२ साली नगरपालिका मिळालेलं हे जुनं बाजारगाव कोकणातल्या मालाच्या वाटेवर होतंच; आता पैशाच्याही वाटेवर आलं.

इथेच का? सिडकोची जमीन होती, वीज होती, मुंबईच्या किनाऱ्याला येणाऱ्या समुद्री केबल्स जवळ होत्या. ही कारणं सगळेच सांगतात. माझ्या मते या सगळ्या पट्ट्याचं खरं मोल काचेच्या तंतूतून धावणाऱ्या प्रकाशाच्या वेगात आहे. तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. फोर्टपासून खारघरचं हवाई अंतर तीस किलोमीटरच्या आत आहे. केबल वळणं घेत गेली तरी निरोप जाऊन परत यायला एक हजारांश सेकंदही लागत नाही. चेन्नईचं हवाई अंतर हजार किलोमीटरच्या वर. तिथे जाऊन येण्यात दहा हजारांश सेकंद तरी जातात, प्रत्यक्षात त्याहून जास्तच.

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण सगळी गोम त्यातच आहे. नोंद दोन ठिकाणी ठेवायचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात, दुसऱ्या ठिकाणाहून ‘लिहिलं’ असा होकार आल्याशिवाय व्यवहार पुरा मानायचा नाही. मग पहिली जागा जळून खाक झाली तरी एक पैसा हरवत नाही. पण प्रत्येक व्यवहार त्या होकारासाठी थांबतो. एकाच खात्यावर एकामागून एक नोंदी करायच्या असतील आणि प्रत्येक नोंद दहा हजारांश सेकंद थांबणार असेल, तर सेकंदाला शंभरावर जाताच येत नाही. अर्ध्या हजारांशात होकार येत असेल तर दोन हजार होतात. दुसऱ्या मार्गात आधी व्यवहार पुरा करायचा आणि नोंद मागाहून पाठवायची. वेग मिळतो, पण अपघात झालाच तर शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी वाटेतच राहतात. म्हणून जवळ एक जागा, जिथे नोंद जशीच्या तशी त्याच क्षणी पोचेल, आणि लांब एक जागा, जिच्यावर तोच पूर, तोच भूकंप येणार नाही. मुंबईच्या संदर्भात ठाणे-बेलापूर पट्ट्यापासून पनवेलपर्यंतचा भाग ‘जवळच्या जागे’साठी जणू बेतलेला होता.

७ जुलै २०२० रोजी पनवेलजवळच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत ‘योट्टा एनएम-१’ या खासगी डेटा सेंटरचं उद्घाटन तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते, दूरदृश्य पद्धतीनं झालं. ७,२०० रॅक, ५० मेगावॉट, ८ लाख २० हजार चौरस फूट. ‘टियर फोर’ दर्जा. या दर्जाची अपेक्षा ९९.९९५ टक्के उपलब्धतेची असते, म्हणजे वर्षातून सुमारे २६ मिनिटं सोडून बाकी सगळा वेळ चालू. वीज दोन स्वतंत्र वाटांनी, थंडावा दोन वाटांनी, कुठलाही एक भाग निकामी झाला तरी सर्व्हरला कळूही नये. इमारत म्हणून हे मोठंच काम आहे. पण इमारत चालू असणं आणि सेवा चालू असणं यांत बरंच अंतर असतं. ते पुढच्या आठ महिन्यांत दिसलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी लागली होती. १७ एप्रिल २०२०च्या निवेदनात गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी १५० माणसांचा उल्लेख केला: रिझर्व्ह बँकेचे अधिकारी, कर्मचारी आणि सेवा पुरवठादारांची माणसं, घरापासून दूर विलगीकरणात राहून चोवीस तास काम करणारी, जेणेकरून देशाची देणीघेणी, रोख आणि बाजार चालू राहावेत. सर्व्हरला विषाणू होत नाही, पण सर्व्हर सांभाळणाऱ्याला होतो, आणि आराखड्याच्या चौकटींत तो माणूस सहसा काढलेला नसतो. दोन जागांवरची यंत्रं सांभाळणारी माणसं एकाच खोलीत जेवत असतील तर ती दोन जागा राहत नाहीत. या १५० जणांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्या महिन्यांत ज्यांच्या खात्यात पगार जमा झाला, त्या सगळ्यांवर त्यांचं ऋण आहे.

मग आला १२ ऑक्टोबर २०२०. सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. मुंबईकडे वीज आणणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या मोजक्या वाहिन्यांपैकी कळव्याकडच्या वाहिन्या एकामागून एक बंद झाल्या होत्या. उरलेला सगळा भार पुणे-खारघर वाहिनीवर आला, आणि तो न पेलून तीही बंद पडली. अशा वेळी मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या वीजकेंद्रांवर चालवण्याची ‘आयलँडिंग’ची व्यवस्था होती. ती सुरू झाली, पण आत तयार होणारी वीज मागणीला पुरली नाही आणि ते बेटही अंधारात गेलं. लोकल थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली. शेअर बाजार मात्र चालू राहिले.

बाजार चालू राहिल्याचं समाधान खरं आहे. तरी मला या घटनेत दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वाहिन्या चार असोत की सहा, एक पडल्यावर तिचा भार जर शेजारणीवर जाणार असेल आणि शेजारण आधीच भरलेली असेल, तर वाहिन्यांची संख्या कितीही असो, त्या एकच असतात. सर्व्हरच्या बाबतीत हेच घडतं. दहा सर्व्हर नव्वद टक्के भरून चालवले आणि त्यातले दोन गेले, की उरलेल्या आठांवर क्षमतेहून जास्त भार येतो आणि तेही एकेक करून जातात. शिवाय मुंबई आणि पनवेल एकाच विजेच्या जाळ्यावर आहेत. प्रकाशाला जवळची म्हणून निवडलेली जागा संकटालाही जवळचीच होती.

महिना उलटला आणि २१ नोव्हेंबरला एचडीएफसी बँकेची इंटरनेट बँकिंग आणि पेमेंट सेवा बंद पडली. कारण, प्राथमिक डेटा सेंटरमधली वीज गेली. दोन वर्षांत बँकेच्या सेवांमध्ये असे व्यत्यय आधीही आले होते. २ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेनं आदेश काढला: नव्या डिजिटल योजना थांबवा, नवी क्रेडिट कार्ड देऊ नका. देशातल्या सर्वात मोठ्या खासगी बँकेला सर्व्हर बंद पडल्याबद्दल धंदा थांबवायला सांगितलं जातं, हे आधी कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. कार्डांवरची बंदी २०२१च्या ऑगस्टमध्ये उठली, उरलेली मार्च २०२२मध्ये. आदेशाआधी ‘सिस्टम डाऊन आहे’ हे वाक्य प्रत्येक शाखेत काउंटरवरून सहज फेकलं जायचं. त्या आदेशानं ते संचालक मंडळाच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

याच सुमारास आणखी एक बदल होत होता. १६ डिसेंबर २०१९पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२०पासून आरटीजीएस चोवीस तास, बारा महिने सुरू झालं. ग्राहकाच्या दृष्टीनं ही सोय. यंत्रणा सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीनं रात्र संपली. तोवर ही यंत्रणा संध्याकाळी बंद व्हायची. त्यानंतर दिवसाचा हिशेब मिटवायचा, दुरुस्त्या करायच्या, नवं सॉफ्टवेअर चढवायचं, बिघडलंच तर पहाटेपर्यंत पूर्ववत करायचं. आता चालत्या यंत्राचेच भाग बदलायचे. म्हणून १८ एप्रिल २०२१च्या रविवारी आरटीजीएस मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत बंद राहील असं रिझर्व्ह बँकेला आधीच जाहीर करावं लागलं. काम कसलं होतं? आपत्तीत सावरायला लागणारा वेळ कमी करण्याचं.

त्याच्या दोन महिने आधी, २४ फेब्रुवारी २०२१ला, एनएसईवर आलेला प्रसंग या सगळ्या इतिहासातला सर्वात बोधक आहे. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बाजार थांबला. दुपारी पावणेचारला सुरू झाला आणि पाचपर्यंत चालवण्यात आला. मधले चार तास ज्यांचे सौदे अडकले होते, त्यांना काय होतंय हेही कळत नव्हतं. बीएसई त्या वेळी चालूच होता.

काय झालं होतं? एनएसईच्या मुख्य केंद्राला जवळच्या केंद्राशी जोडणाऱ्या वाहिन्या दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या होत्या, मार्ग वेगळे होते. बाजारानं नंतर दिलेल्या खुलाशानुसार रस्त्याकडेच्या खोदकामामुळे दोन्हींत बिघाड झाला. इथवर समजण्यासारखं आहे. मुंबईत रस्ते खोदले जातात. पण मुख्य केंद्र तर शाबूत होतं. जवळच्या जागेशी संपर्क तुटला तर मुख्य जागेनं एकट्यानं पुढे चालावं, अशीच रचना होती. तसं झालं नाही. नोंदी ठेवणारी स्टोरेज यंत्रणाच सर्व्हरना दिसेनाशी झाली. त्यामुळे क्लिअरिंग कॉर्पोरेशनची जोखीम तपासणारी प्रणाली बंद पडली, आणि जोखीम न तपासता सौदे होऊ देणं धोक्याचं म्हणून बाजार थांबवावा लागला. सुरक्षेसाठी जोडलेली दुसरी जागाच पहिलीला घेऊन बसली.

संगणकशास्त्रात याचं सूत्र मांडलं गेलं आहे. एरिक ब्रूअर यांनी २००० साली ते सांगितलं, गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२मध्ये सिद्ध केलं: दोन यंत्रांमधला संपर्क तुटला की दोन्हीकडचा हिशेब जुळता ठेवायचा की सेवा चालू ठेवायची, यातलं एकच निवडता येतं. समाजमाध्यमावर जुनी पसंतीसंख्या दिसली तर काही बिघडत नाही. तिथे सेवा चालू ठेवावी. पैशाच्या व्यवहारात थांबणंच योग्य. तेव्हा बाजार थांबला याला मी दोष देणार नाही. दोष द्यायचा तर पुढच्या गोष्टीला: चेन्नईला एनएसईचं सज्ज असलेलं लांबचं केंद्र होतं, आणि व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं नेमकं हेच विचारलं. चेन्नईहून बाजार चालवण्याचा सराव आधीही होत असे, पण तो बाजार बंद असताना सावकाश तिकडे जाऊन, सकाळी तिथून सुरुवात करण्याचा. भर दुपारी, अर्धवट नोंदी हातात असताना, ‘आता निघायचं’ हा निर्णय कुणी आणि किती वेळात घ्यायचा, याला उत्तर नव्हतं.

२०२१च्या मार्चमध्ये सेबीनं ते उत्तर मिनिटांत लिहून दिलं. महत्त्वाची प्रणाली कोलमडली तर ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची, आणि तिथून ४५ मिनिटांत दुसऱ्या केंद्रावरून काम सुरू करायचं. तीन वर्षांनी, २ मार्च २०२४च्या शनिवारी, हे उघड्यावर करून दाखवण्यात आलं. सकाळी सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून खरे सौदे, खऱ्या पैशाचे. मग बाजार लांबच्या केंद्रावर नेला आणि साडेअकरा ते साडेबारा तिथून. १८ मे रोजी पुन्हा तसंच. वृत्तपत्रांनी ‘शनिवारीही शेअर बाजार सुरू’ एवढीच बातमी दिली. मला विचाराल तर या क्षेत्रात गेल्या वीस वर्षांत घडलेली ही सर्वात मोठी गोष्ट होती. २००५ला दुसरी जागा हवी हे कळलं, पुढच्या पंधरा वर्षांत ती बांधली गेली, आणि तिच्यावर दिवसाढवळ्या विसंबून पाहण्याचं धैर्य २०२४ला आलं.

रिझर्व्ह बँक दोन्ही टोकांनी पुढे जाते आहे. २०२२-२३च्या वार्षिक अहवालात तिनं एका हलक्या पर्यायी पेमेंट प्रणालीचा विचार मांडला: नेहमीच्या तंत्रज्ञानावर अवलंबून नसलेली, मोजक्या माणसांना कुठूनही चालवता येईल अशी, युद्ध किंवा महाआपत्तीत अत्यावश्यक देणीघेणी तेवढी पार पाडणारी. आणि २२ मार्च २०२४ रोजी भुवनेश्वरला नव्या डेटा सेंटरची पायाभरणी झाली. ते ठिकाण मुंबईच्या विजेवर नाही, पावसावर नाही, रस्त्यावर नाही. तिथे वादळं येतात, पण ती बंगालच्या उपसागरातली; खारघरवर त्याच दिवशी येणारी नव्हेत. खारघरला मात्र आता नवं काम करावं लागेल: जवळच्या जागेशी क्षणाक्षणाचा हिशेब जुळता ठेवायचा, आणि हजार किलोमीटरपलीकडच्या जागेकडे मागाहून पोचणाऱ्या नोंदी किती मागे आहेत यावर रात्रंदिवस नजर ठेवायची.